काळा पडदा आणि 512 बाइट
शाळेच्या जुन्या संगणकात विंडोजशेजारी बसवलेले लिनक्स नकोसे होते, त्याचा विभाग पुसला जातो आणि पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ उमटते. जुन्नर असो की मंचर, पहिला सल्ला मिळतो फॉरमॅटचा! आम्ही म्हणतो, थांबा. विंडोजच्या विभागातील निकालपत्रके शाबूत आहेत.

अशा डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटांचा असतो. त्यातील 446 बाइटांत सुरुवातीची आज्ञावली, 64 बाइटांत विभागांचा तक्ता. आज्ञावली आपला पुढचा भाग पुसलेल्या विभागात शोधते, अडते. विंडोजच्या डीव्हीडीवरून संगणक सुरू करून दुरुस्तीच्या पर्यायात ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ ही आज्ञा (रोमन लिपीत) दिली, की आज्ञावली तेवढी नव्याने लिहिली जाते. तक्त्याला धक्का लागत नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या नव्या संगणकांना मात्र हा उपाय लागू नाही.