दम्याचे इंजेक्शन आणि थकवा : डोस टाळण्याआधी कारण शोधणे आवश्यक

पापनाशम (तंजावर) : कावेरीच्या खोऱ्यातील या तालुक्यात भाताची मळणी सुरू झाली, की धूळ व भुसा हवेत पसरतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. तीव्र दम्यासाठी दर दोन किंवा चार आठवड्यांनी जैविक औषधाचे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला नंतर अंग गळाल्यासारखे वाटले, तर पुढचा डोस टाळण्याचा मोह होतो. हंगामाच्या तोंडावर ते जोखमीचे ठरते.

मेपोलिझुमॅबच्या चाचण्यांत ५ टक्के रुग्णांनी थकव्याची तक्रार केली. औषधाविना नुसते इंजेक्शन दिलेल्यांतही हे प्रमाण ४ टक्के होते. ओमालिझुमॅबबाबत हेच आकडे ३ व २ टक्के आहेत. त्यामुळे सारा दोष इंजेक्शनवर ढकलता येत नाही. खोकल्याने मोडलेली झोप किंवा रक्तक्षय हेही कारण असू शकते.

सर्वाधिक धोक्याचे कारण मात्र वेगळेच आहे. इंजेक्शनने बरे वाटू लागताच काही रुग्ण स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करतात. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मंदावलेल्या अधिवृक्क ग्रंथी अशा वेळी पुरेसे कॉर्टिसॉल तयार करू शकत नाहीत. थकव्यासोबत चक्कर, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्या लागतात.

थकवा सौम्य असल्यास त्या दिवशी जड कामे टाळावीत आणि तो कधी सुरू झाला, किती टिकला, याची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवावी. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास कोंडणे हा थकवा नव्हे. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.