वीज आणि बाजार, लेखांक ७ : सिंगापूर – तार एक, विक्रेते अनेक

विजेच्या व्यवसायाचे चार भाग पडतात : निर्मिती, पारेषण, वितरण आणि विक्री. मधले दोन भाग म्हणजे केबल, रोहित्रे आणि उपकेंद्रांचे जाळे. एकाच रस्त्याखालून तीन कंपन्यांनी तीन केबल नेणे कोणालाही परवडत नाही, म्हणून जाळे बहुधा एकाकडेच राहते. स्पर्धा आणता येते ती दोन टोकांना, वीज तयार करण्यात आणि ती विकण्यात. साडेसातशे चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या सिंगापूरने ही दोन्ही टोके मोकळी केली, पण त्यासाठी जवळजवळ पाव शतक घेतले.

१९६३ पासून तिथे वीज, पाणी आणि वायू हे तिन्ही एकाच सरकारी मंडळाकडे होते. १९९५ मध्ये वीज आणि वायू ‘सिंगापूर पॉवर’ या कंपनीकडे गेले. २००१ मध्ये ‘एनर्जी मार्केट ऑथॉरिटी’ ही नियामक संस्था स्थापन झाली आणि निर्मिती जाळ्यापासून तोडण्यात आली. सेनोको, सेराया आणि तुआस या तीन मोठ्या निर्मिती कंपन्या पुढे २००८ मध्ये सरकारी गुंतवणूक कंपनी टेमासेकने परदेशी खरेदीदारांना विकल्या. जाळे मात्र सिंगापूर पॉवरकडेच राहिले.

ठोक बाजार १ जानेवारी २००३ रोजी सुरू झाला. त्यात दिवसाचे ४८ भाग असतात. प्रत्येक अर्ध्या तासासाठी प्रत्येक कंपनी बोली लावते : इतके मेगावॉट या भावाने, पुढचे इतके त्याहून चढ्या भावाने. बोल्या स्वस्ताकडून महागाकडे रचल्या जातात आणि मागणी भागेपर्यंत एकेक घेतली जाते. जी बोली सर्वांत शेवटी घ्यावी लागते, तिच्यावरून त्या अर्ध्या तासाचा भाव ठरतो आणि स्वस्तात वीज देणाऱ्यालाही तोच भाव मिळतो. (जाळ्यातील ठिकाणानुसार त्यात थोडा फरक पडतो.) त्यामुळे ज्याचे संयंत्र कमी इंधनात जास्त वीज देते, त्याच्या पदरात अधिक पडते. २००० च्या सुमारास सिंगापूरची बरीचशी वीज इंधन तेलावर होत असे. आज सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर होते. वायूवाहिन्या आल्या हे त्याचे एक कारण आणि जुनी, खर्चिक संयंत्रे या बोलीत टिकेनाशी झाली हे दुसरे.

लहान बेटाची अडचण इथेच पुढे येते. विक्रेते मोजके असले की त्यातल्या एकाने थोडी क्षमता मागे ठेवली तरी सगळ्यांचा भाव चढतो. मोठ्या देशात अशा वेळी शेजारच्या प्रदेशातून वीज येते. सिंगापूरला मलेशियाशी जोडणारी केबल होती, पण तिचा उपयोग आणीबाणीपुरता. त्यावर १ जानेवारी २००४ पासून एक तोड काढण्यात आली. निर्मिती कंपन्यांना त्यांच्या विजेचा ठरावीक हिस्सा नियामकाने ठरवलेल्या दराने विकण्याचे करार बंधनकारक झाले. बहुतांश विजेचा दर आधीच बांधला गेला, की बाजारभाव फुगवून मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. बाजार खुला करणाऱ्यांनीच त्याला असा लगाम घातला, आणि तो योग्यच होता.

किरकोळ विक्री वरून खाली उघडत गेली. २००१ मध्ये मोठ्या कारखान्यांना विक्रेता निवडण्याची मुभा मिळाली. २०१५ पर्यंत ही मर्यादा महिन्याला २,००० युनिटपर्यंत खाली आली. घरे उरली होती. एप्रिल २०१८ मध्ये जुरोंग भागातील सुमारे एक लाख आठ हजार घरांवर चाचणी झाली आणि नोव्हेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात विभागाविभागाने सारे बेट खुले झाले. ग्राहकापुढे मुख्यतः दोन योजना होत्या : मुदतभर ठरलेला दर, किंवा सरकारमान्य दरावर टक्केवारीने सूट. विक्रेता बदलला तरी मीटर, तार आणि बिघाड दुरुस्त करायला येणारा माणूस तोच. मुंबईच्या उपनगरांतील वाचकांना हे नवे वाटणार नाही. तिथे २००९ नंतर अनेकांच्या घरी तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसरीची, असा प्रकार सुरू झाला.

सिंगापुरात सुरुवातीला सरकारमान्य दरापेक्षा वीस ते तीस टक्के स्वस्त योजना मिळत होत्या. पण अनेक विक्रेत्यांकडे स्वतःचे वीजकेंद्र नव्हते. ते ठोक बाजारात बदलत्या भावाने घेत आणि घरांना बांधलेल्या दराने विकत. समजा, विक्रेत्याने विजेच्या खरेदीसाठी युनिटमागे १२ सेंट धरले आहेत आणि बाजारभाव ४० सेंटवर गेला. महिन्याला ४०० युनिट वापरणाऱ्या एकाच घरामागे त्याला ११२ डॉलरचा खड्डा पडतो. घरे हजारो असतात. भाव चढण्याविरुद्ध आधीच करार करून न ठेवलेला विक्रेता असे फार दिवस तग धरू शकत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नेमके हेच घडले. जगभर वायू महागला, त्यातच इंडोनेशियातील पश्चिम नातुना क्षेत्रातून वाहिनीने येणारा वायू कमी झाला. काही अर्ध्या तासांत ठोक भाव मेगावॉट-तासाला हजार डॉलरच्या, म्हणजे युनिटला एक डॉलरच्या पुढे गेला. ‘आयस्विच’ या मोठ्या स्वतंत्र विक्रेत्याने ११ नोव्हेंबरपासून व्यवसाय थांबवत असल्याचे जाहीर केले. ‘ओम एनर्जी’ आणि आणखी काही त्याच वाटेने गेले. एकाही घरातला दिवा मात्र यामुळे विझला नाही. त्या ग्राहकांची खाती आपोआप सिंगापूर पॉवरकडे, म्हणजे आताच्या ‘एसपी ग्रुप’कडे गेली. विक्रेता बुडाला तरी पुरवठा तुटू नये ही सोय आधीपासूनच करून ठेवलेली होती, आणि या साऱ्या रचनेतला सर्वांत मोलाचा भाग हाच म्हणावा लागेल.

संकटानंतर नियामकाने इंधनाकडे लक्ष वळवले. वीजकेंद्रांना गरजेला वापरता यावा म्हणून द्रवरूप वायूचा राखीव साठा ठेवला गेला. जून २०२२ पासून लाओसची जलविद्युत थायलंड आणि मलेशियामार्गे येऊ लागली, आरंभी १०० मेगावॉटपर्यंत. जुलै २०२३ मध्ये ठोक भाव फार चढल्यास त्याला तात्पुरती मर्यादा घालण्याची पद्धत लागू झाली. त्याच वर्षी वीजकेंद्रांसाठी लागणारा वायू एकत्रितपणे खरेदी करण्याचा निर्णय जाहीर झाला. बोली लावणे आणि घरोघरी विकणे यांत स्पर्धा आहे. समुद्रापलीकडून येणारे इंधन मात्र पुन्हा एका हाताने घेतले जाणार आहे. आणि विक्रेता निवडायचा नसेल, तर सिंगापूरमधील कोणत्याही घराला आजही एसपी ग्रुपकडून दर तिमाहीला ठरणाऱ्या सरकारमान्य दराने वीज घेता येते.