अठ्ठेचाळीस तास ऐकण्याचे

हौशी रेडिओच्या स्पर्धेत काम एकच असते. ठरलेल्या वेळात जगभरातल्या जास्तीत जास्त रेडिओ केंद्रांशी संपर्क साधायचा आणि प्रत्येक संपर्काची बिनचूक नोंद ठेवायची. परवानाधारक हौशी चालक, म्हणजे हॅम, आपापल्या घरातूनच स्पर्धेत उतरतात. टेबलावरचा रेडिओ, गच्चीवर ताणलेली तार आणि कानावरचा हेडफोन एवढ्यावर भाग घेता येतो. आवाज मात्र हवेतूनच जायला हवा, इंटरनेटवरून झालेले बोलणे मोजले जात नाही.

अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेने १९२७ मध्ये अशा आंतरराष्ट्रीय चढाओढीला सुरुवात केली. आजच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, ‘सीक्यू वर्ल्डवाइड’, १९४८ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती बोलून होते आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्स संकेतांत. वेळ ग्रीनिचच्या घड्याळाने मोजतात. त्यामुळे भारतात ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला थांबते.

एक संपर्क कसा होतो ते पाहू. जपानमधले केंद्र ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ अशी हाक देऊन आपले कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले अक्षर-अंकांचे ओळखनाव, सांगते. पुण्यातला हॅम उत्तरादाखल फक्त स्वतःचे कॉलसाइन उच्चारतो, ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ आणि पुढची अक्षरे. व्हीयू ही भारताची खूण. जपानी चालक ते कॉलसाइन परत म्हणतो आणि जोडतो, ‘फाइव्ह नाइन, टू फाइव्ह’. पुण्याहून उत्तर जाते, ‘फाइव्ह नाइन, टू टू’. तिकडून आभाराचा एक शब्द येतो आणि पुढची हाक सुरू होते. सगळे मिळून दहा-बारा सेकंद.

यातले ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरकस येत असल्याची पावती. प्रघात असा, की आवाज कितीही क्षीण असला तरी सगळे हीच पावती देतात. खरी माहिती असते कॉलसाइन आणि विभाग क्रमांकात. स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग केले आहेत. जपान २५ व्या विभागात येतो, तर महाराष्ट्र-गोव्यासह भारताची मुख्य भूमी २२ व्या विभागात. अंदमान-निकोबार मात्र २६ व्या विभागात मोडते. मोर्समध्ये तर पावतीही आखडून घेतात. नऊचा आकडा म्हणजे चार डॅश आणि एक डॉट. त्याऐवजी एक डॅश, एक डॉट असे इंग्रजी ‘एन’ अक्षर पाठवतात आणि ऐकणारा ते नऊच समजतो. प्रत्येक संपर्कात वाचलेला हा क्षण दोन दिवसांच्या हिशेबात मोलाचा ठरतो.

गुणांची पद्धत समजल्याशिवाय खेळाची गोडी कळत नाही. भारतातून दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी संपर्क झाला तर ३ गुण, आशियातल्याच दुसऱ्या देशाशी झाला तर १. स्वतःच्या देशातल्या संपर्काला गुण नाही. शिवाय प्रत्येक बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर, पहिल्यांदा मिळालेला देश आणि विभाग हा प्रत्येकी एक गुणक. शेवटी सगळ्या गुणांना सगळ्या गुणकांनी गुणायचे. समजा एखाद्याचे १,२८० गुण आणि २०० गुणक झाले, म्हणजे धावसंख्या २,५६,०००. आता युरोपातले एक नेहमीचे केंद्र मिळाले तर धावसंख्येत ६०० ची भर पडते. तेच आफ्रिकेतल्या आजवर न मिळालेल्या देशाचे असेल तर भर १,८८३ ची, तीही विभाग आधीच मिळालेला असताना. म्हणून कुजबुजीइतका बारीक आवाज पकडायला हॅम जिवाचे कान करतो. भारतातल्या हॅमला याचा उलटा फायदाही होतो. २२ व्या विभागातून बोलणारी केंद्रे थोडी असल्याने त्याची हाक ऐकली की युरोपातले कित्येक जण एकदम त्याच्यावर तुटून पडतात. हाच तो ‘पाइल-अप’. त्या गलक्यातून एक पूर्ण कॉलसाइन वेगळे काढणे हे या खेळातले सर्वांत अवघड आणि सर्वांत आनंदाचे काम आहे.

स्पर्धा १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या सहा बँडवर चालते. कोणत्या वेळी कोणता बँड धरायचा हे सूर्य ठरवतो. सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर तयार होतात. रेडिओ लहरी त्यांवरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात आणि हजारो किलोमीटर पल्ला गाठतात. दिवसा १० आणि १५ मीटर चांगले चालतात. ८० आणि १६० मीटरच्या लहरी दिवसा खालच्याच थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि हे बँड जिवंत होतात. भारतातून सकाळी वरच्या बँडवर जपान आणि पॅसिफिककडचा भाग ऐकू येतो, दुपार कलली की युरोप. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा सरळ मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो, म्हणून तो थोडाच वेळ उघडतो. ती वेळ झोपेत गेली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते.

साधनांची भीती नवख्याने बाळगू नये. २० मीटर बँडचा डायपोल अँटेना म्हणजे सुमारे १० मीटर लांबीची, मधोमध तोडून केबलला जोडलेली तांब्याची तार. शक्तीनुसार गटही वेगळे असतात. ५ वॅटवाल्यांचा एक, १०० वॅटपर्यंतचा दुसरा आणि त्याहून जास्त शक्तीचा तिसरा. कोणत्याही गटात आपला परवाना देतो तेवढीच शक्ती वापरायची. शहरात खरी अडचण गोंगाटाची. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर रेडिओत खरखर ओततात. ऑक्टोबरची स्पर्धा तर बऱ्याचदा दिवाळीच्या आसपास येते, तेव्हा इमारतभर लागलेल्या माळांनी क्षीण केंद्रे बुडून जातात.

अँटेनांचे मोठे मनोरे बाजूला ठेवून निव्वळ कौशल्य जोखणारी जागतिक स्पर्धाही आहे. १९९० मध्ये सिएटलला ती पहिल्यांदा भरली. २०१८ साली जर्मनीतल्या विटेनबर्गच्या परिसरात माळरानावर तंबू ठोकून दोघादोघांच्या तुकड्या २४ तास बसल्या होत्या, सगळ्यांना सारखेच अँटेना आणि सारखीच १०० वॅटची मर्यादा.

स्पर्धेतली ही तालीम वेळप्रसंगी उपयोगी पडते. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅमचे एक पथक दुर्मीळ केंद्र चालवण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. ती स्पर्धा नव्हती, पण गर्दीतून झटपट संपर्क उरकण्याचे काम तेच. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून बेटांवरचे निरोप जाऊ लागले.

‘सीक्यू वर्ल्डवाइड’ संपल्यावर पाच दिवसांत संगणकावरची नोंदवही, म्हणजे लॉग, आयोजकांकडे पाठवायची असते. सगळे लॉग एकमेकांशी ताडून पाहिले जातात. समोरच्याच्या वहीत न सापडलेला किंवा कॉलसाइन चुकलेला संपर्क रद्द होतो, वर दंडाचे गुणही कापले जातात. काही महिन्यांनी प्रत्येकाला आपल्या चुकांची यादी मिळते. मोर्सच्या यादीत बहुतेकदा एकाच डॉटची चूक असते. ‘एस’ म्हणजे तीन डॉट, ‘एच’ म्हणजे चार आणि पाचचा आकडा म्हणजे पाच. पहाटे तीनला, खरखरीत, कानाने चार ऐकलेले असतात आणि पाठवणाऱ्याने तीनच पाठवलेले असतात.