ऋतुचक्र आणि निवासी पशुपालन प्रशिक्षण : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून पशुपालनाचे महत्त्व सर्वमान्य आहे. दुग्धव्यवसाय, शेळीपालन व मेंढीपालन यांचे शास्त्रीय ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रे, पशुसंवर्धन विभाग व स्वयंसेवी संस्था निवासी प्रशिक्षणवर्ग घेतात. हे वर्ग बहुधा काही दिवसांचे असतात. प्रशिक्षणार्थी येतो, व्याख्याने ऐकतो, प्रक्षेत्र पाहतो, प्रमाणपत्र घेतो व परत जातो. परंतु जनावरांचे जीवन काही दिवसांत उलगडत नाही. ते ऋतूंच्या क्रमाने चालते. निवासी प्रशिक्षण व ऋतुचक्र यांचा परस्परसंबंध काय आहे आणि प्रशिक्षणाची आखणी ऋतूंना धरून केल्यास काय साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

प्रदेशाची पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथील सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० ते ६०० मिलीमीटर इतकेच आहे. तथापि पाण्याच्या उपलब्धतेने या भूभागाचे दोन स्पष्ट भाग पडले आहेत. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर आकारास आलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याच्या लाभक्षेत्रात पुढे ऊस व साखर कारखानदारी रुजली. १९८० मध्ये भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व भागाला पाणलोटाचा फुगवटा मिळाला, मात्र त्यासाठी अनेक गावांना विस्थापन सोसावे लागले. या बागायती पट्ट्यात संकरित गाईंचा दुग्धव्यवसाय वाढला. उरलेला भाग जिरायती असून तेथे शेळ्या-मेंढ्या हाच अनेक कुटुंबांचा आधार आहे.

शिक्षणसंस्थांच्या दृष्टीनेही हा प्रदेश संपन्न आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टमार्फत बारामती येथील कृषी विज्ञान केंद्र १९९२ पासून कार्यरत आहे. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ व उष्णता यांसारख्या ताणांचा पिकांवर व पशुधनावर होणारा परिणाम हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. जिल्ह्यातच उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उभारलेल्या 'बाएफ' संस्थेने गोपैदास व कृत्रिम रेतनाच्या प्रशिक्षणाचा पाया घातला. शेजारच्या फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढीसुधाराचे दीर्घकालीन कार्य केले आहे. म्हणजेच येथे शिकविणाऱ्या संस्थांची वाण नाही. केव्हा व किती वेळा शिकवावे, हा खरा प्रश्न आहे.

पशुपालनातील ज्ञानाचे स्वरूप

डॉ. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशींवरून देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. 'करून शिकणे' हे या केंद्रांचे मूलतत्त्व मानले गेले. पशुपालनात या तत्त्वाला विशेष अर्थ आहे, कारण येथे बरेचसे ज्ञान निरीक्षणाचे असते व निरीक्षणाची वेळ जनावर ठरविते. गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते व माज १२ ते १८ तास टिकतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम वर्गात दोन मिनिटांत सांगता येतो. परंतु माज ओळखण्याची नजर पहाटे व रात्री गोठ्यात थांबल्याशिवाय येत नाही. म्हशीचा माज तर पुष्कळदा मुका असतो.

व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त दूध देणाऱ्या गाईस होणारा दुग्धज्वर हे दुसरे उदाहरण होय. नाव ज्वर असले तरी यात शरीराचे तापमान घटते, कान थंड पडतात व गाय मान कुशीकडे वळवून बसते. ही लक्षणे ओळखून पशुवैद्यकास वेळेत बोलावणे म्हणजे गाय वाचविणे. नवजात वासरास पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजणे हेही तसेच काम आहे. अशा प्रसंगांना कार्यालयीन वेळ नसते. निवासी प्रशिक्षणाचे खरे समर्थन याच ठिकाणी आहे. निवास केवळ दूरच्या गावच्या व्यक्तीच्या सोयीसाठी नसून जनावराचा चोवीस तासांचा दिनक्रम पाहता यावा यासाठी आहे.

ऋतूनुसार शिकण्याचे विषय

दिवसाच्या वेळेप्रमाणेच ऋतूही विषय ठरवितो. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे-जूनमध्ये, गाई-म्हशींना घटसर्प व फऱ्या आणि शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार या रोगांची प्रतिबंधक लस टोचावी लागते. पावसाळ्यात जंत, गोचीड व माश्या यांचा उपद्रव वाढतो. कालव्याच्या दलदलीच्या कडेने चरणाऱ्या जनावरांत गोगलगाईंद्वारे पसरणाऱ्या चपट्या कृमींचा धोका असतो. २०२२ च्या पावसाळ्यात राज्यभर पसरलेल्या लम्पी चर्मरोगाने कीटकनियंत्रण व विलगीकरण यांचे महत्त्व कटू अनुभवाने शिकविले.

हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताच उसाचे वाढे स्वस्त व मुबलक होतात. अनेक गोठ्यांत वाढे हाच मुख्य चारा होतो. वाढ्यांतील ऑक्झॅलिक आम्लामुळे चाऱ्यातील कॅल्शियम जनावराच्या अंगी लागत नाही, ही बाब पशुपालकास ठाऊक असणे आवश्यक आहे. चुन्याची निवळी शिंपडणे, खनिज मिश्रण देणे व अन्य वैरणीची जोड देणे हे उपाय त्याच हंगामात, त्याच वैरणीवर दाखविले तर लक्षात राहतात. वाढ्यांचा धडा ऑगस्टमध्ये देणे व्यर्थ आहे.

उन्हाळ्यात संकरित गाईला उष्णतेचा ताण जाणवतो. तिचे खाणे कमी होते, दूध घटते, गर्भधारणेचे प्रमाण खालावते. या भागात रूढ झालेला मुक्तसंचार गोठा, त्यातील सावलीची दिशा व पाण्याची सोय यांची परीक्षा एप्रिल-मे महिन्यांतच होते. हिवाळ्यात पाहिलेला गोठा सर्वच बाबतींत उत्तम भासतो.

मुरघासाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मका दाणा चिकाच्या अवस्थेत असताना कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही अशा रीतीने दाबून भरावा लागतो व सुमारे ४५ दिवसांनी मुरघास तयार होतो. पाच दिवसांच्या वर्गात भरण्याची क्रिया शिकता येते, परंतु आपण भरलेला खड्डा उघडून वास, रंग व बुरशी तपासणे आणि चूक कोठे झाली हे समजून घेणे शक्य होत नाही. दुसरी भेट नसेल तर शिक्षण अर्धेच राहते.

वाडा : एक देशी पाठशाळा

ऋतूंनुसार, मुक्कामी राहून शिकण्याची पद्धत या प्रदेशाला नवी नाही. पुणे व सातारा जिल्ह्यांच्या पूर्व भागातील धनगर मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घोड्यावर लादून बाहेर पडतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रात्री वाघरीत मेंढ्या कोंडणे, आजारी कोकरू वेगळे काढणे, कोणत्या शेतात कळप बसवावा याचा करार करणे, हे सारे मुले मोठ्यांबरोबर राहून शिकतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या मौखिक परंपरेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्या परंपरेत हे ज्ञान दैवतकथांच्या सोबतीने नांदताना दिसते.

या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. स्थलांतरामुळे मुलांचे, विशेषतः मुलींचे शालेय शिक्षण खंडित होते. लसीकरण व औषधांच्या योग्य मात्रा यांबाबत परंपरेच्या मर्यादा आहेत. तथापि शिकण्याची वेळ कामाच्या वेळेशी जोडण्याचे तत्त्व वाड्याने जपले आहे आणि औपचारिक प्रशिक्षणाने ते घेण्यासारखे आहे.

परदेशातील दोन अनुभव

हेच तत्त्व अन्य देशांत संस्थात्मक रूपात आढळते. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ मध्ये रॉडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. पुढे अशा विद्यालयांत शेतकामाला विसावा असलेल्या हिवाळ्यात तरुण व उन्हाळ्यात तरुणी निवासी शिक्षण घेऊ लागल्या. १८८२ मध्ये येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा उभी राहिली व अल्पावधीत ही चळवळ देशभर पसरली. तिच्या यशाचे काही श्रेय अभ्यासक या विद्यालयांना देतात.

फ्रान्समध्ये १९३५ साली एका खेड्यातील धर्मगुरूने चार शेतकरीपुत्रांना घेऊन वेगळा प्रयोग केला. मुले महिन्यातून सुमारे एक आठवडा एकत्र राहून शिकत व उरलेला काळ घरच्या शेतावर काम करीत. १९३७ मध्ये लोझां येथे या प्रयोगाला संस्थेचे रूप मिळाले व आज अशी ग्रामीण विद्यालये अनेक देशांत आहेत. पहिल्या अनुभवातून योग्य हंगाम निवडण्याचे, तर दुसऱ्यातून निवास व घरकाम आलटून-पालटून ठेवण्याचे महत्त्व कळते.

जनावर सोडून येणार कोण?

निवासी प्रशिक्षणातील मूलभूत अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. ज्याच्या दावणीला दुभती जनावरे आहेत त्यास दररोज दोन वेळा धार काढावी लागते. त्यामुळे ज्यांना प्रशिक्षणाची निकड आहे तेच घर सोडू शकत नाहीत. परिणामी वर्गात असे तरुण अधिक येतात ज्यांच्याकडे अद्याप जनावर नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या स्वरूपात शेळी-मेंढी व कुक्कुटपालनाच्या प्रकल्पांसाठी भांडवली अनुदान मिळते व अर्जदाराचे प्रशिक्षण अथवा अनुभव तेथे विचारात घेतला जातो. अशा स्थितीत प्रमाणपत्र हेच काहींचे साध्य ठरण्याचा धोका संभवतो. कर्ज काढून वीस-पंचवीस शेळ्या एकदम आणणाऱ्या तरुणाने पावसाळ्यातील शेळी पाहिलेलीच नसेल, तर पहिल्या पावसाळ्यातील मरतुक त्याच्या व्यवसायाचा शेवट करू शकते. कर्ज मात्र शिल्लक राहते.

स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट आहे. शेण-झाड, वैरण, धार, वासरांची देखभाल ही कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे असतात, पण मुक्कामी वर्गास पाठविले जाते ते घरातील पुरुषाला. काम एकाचे व शिक्षण दुसऱ्याचे, अशी ही विसंगती आहे. मेंढपाळ कुटुंबांच्या बाबतीत तर वर्ग हिवाळ्यात ठेवल्यास ते गावातच नसतात. त्यांच्यासाठी पावसाळ्यातील मुक्कामाचे महिनेच योग्य होत.

टप्प्यांच्या रचनेचा विचार

वरील विवेचनावरून एक सलग वर्ग घेण्याऐवजी तेवढेच दिवस वर्षभरात विभागणे अधिक हितावह वाटते. प्रत्येक टप्पा तीन दिवसांचा धरल्यास त्याची रचना पुढीलप्रमाणे करता येईल :

१. मे-जून : लसीकरण, उष्णतेचा ताण, गोठ्याची तपासणी, पावसाळापूर्व तयारी.
२. ऑगस्ट-सप्टेंबर : जंत व गोचीड नियंत्रण, रोगलक्षणे, विलगीकरण, मक्याचा मुरघास भरणे. मेंढपाळांसाठी हा मुख्य टप्पा.
३. नोव्हेंबर-डिसेंबर : मुरघास उघडून तपासणे, माजाचे निरीक्षण, वेत व नवजात पिलांची निगा, वाढ्यांचा वापर.
४. फेब्रुवारी-मार्च : नोंदवह्यांचे वाचन, वर्षाचा जमाखर्च, उन्हाळी वैरणीचे नियोजन.

दोन टप्प्यांमधील काळात प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात निश्चित नोंदी ठेवाव्यात : माजाच्या तारखा, दूध, खाद्य, आजार व खर्च. पुढील टप्प्याची सुरुवात या नोंदींवरील चर्चेने व्हावी. तीन दिवसांसाठी घर सोडणे दहा-बारा दिवसांच्या तुलनेत सोपे असते. बचत गटातील स्त्रियांनी दोन तुकड्यांत यावे व मागे राहिलेल्यांनी एकमेकींच्या जनावरांची धार काढावी, अशी व्यवस्था करता येईल. लहान मुलांसह राहण्याची सोय व प्रक्षेत्रावर स्त्री-प्रशिक्षक असणे यांनाही अभ्यासक्रमाइतकेच महत्त्व द्यावे लागेल.

या रचनेत संस्थेचा खर्च व श्रम वाढतील, तसेच काही प्रशिक्षणार्थी मधेच गळतील, ही शक्यता नाकारता येत नाही. परंतु जो दुसऱ्या टप्प्यास येत नाही तो पहिल्याच टप्प्यानंतर मोठे कर्ज काढण्यापासून वाचत असेल, तर तीही प्रशिक्षणाची फलश्रुतीच मानली पाहिजे.

समारोप

पशुपालन शिकणे म्हणजे माहितीचा संग्रह करणे नव्हे. वर्षाच्या प्रत्येक वळणावर जनावराची बदलणारी गरज ओळखण्याची सवय लावून घेणे होय. निवासामुळे दिवसाचे चोवीस तास शिकण्यास मिळतात व टप्प्यांमुळे वर्षाचे सर्व ऋतू मिळतात. या दोहोंची सांगड घातल्यासच प्रशिक्षण पूर्ण होते. बारामती व इंदापूर परिसरात संशोधन संस्था, कृषी विज्ञान केंद्र, महाविद्यालये व अनुभवी पशुपालक इतक्या जवळ आहेत की असा प्रयोग येथे करून पाहणे शक्य आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व विद्यार्थ्यांचे प्रकल्प या दृष्टीने आखल्यास, गोठ्यातील नोंदी वाचण्याचे व त्यांचा अर्थ लावण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी दावणीला जनावरे असतात. त्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या घरच्या असतील व त्या वाचून दाखविताना आईला प्रथमच विचारले जाईल की, कोणती गाय केव्हा माजावर आली होती.