हाताला बसेल तोच विळा



घरातला विळा बहुधा पुरुषांच्या मापाचा असतो. घास, कडवळ कापून मनगट भरून येतं आणि आपण दोष हाताला देतो. म्हणून शेळगावच्या आमच्या गटात विळा आम्हीच पारखून घेतो.

मुठीवर बोटं वळवा. टोकं तळव्यापासून लांब राहिली तर मूठ जाड, तळव्यात रुतली तर बारीक. पातं हलवून बघा; मुठीत डुगडुगत असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, निसटला की बोटावरच येतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा हलका असतो, सारखी धार लावावी लागत नाही. गवत, गहू, भाताला तो चांगला. उसाला मात्र कोयताच.

दुकानात लाजू नका. काम आपला हात करणार, मग निवडही आपणच करू.