प्रतिकारशक्ती घडते आतड्यात

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. प्रतिकारयंत्रणा त्यांच्यामुळेच घडत जाते, याचा ठळक पुरावा जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मिळतो. त्यांच्या आतड्याच्या भिंतीतल्या लसिका गाठी खुरट्या राहतात, आयजीए हे प्रतिपिंड फारच कमी तयार होते. 2005 साली अशा उंदरांना बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा एकच जिवाणू दिल्यावर टी-पेशींचा बिघडलेला समतोल सावरला. एकच जिवाणू, हे महत्त्वाचे! डाळी-भाज्यांतले न पचणारे तंतू आंबवून जिवाणू ब्युटिरेट बनवतात. ते दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढवते, हे 2013 साली उंदरांतच दिसले.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लागू होत नाहीत, हा आक्षेप रास्तच. पण 2021 साली पिट्सबर्गमध्ये, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात इम्युनोथेरपीला दाद न देणाऱ्या 15 रुग्णांना, ती लागू पडलेल्यांच्या विष्ठेतले जिवाणू देऊन तेच उपचार पुन्हा केले. 6 जणांना फायदा झाला. चाचणी छोटी होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुकानातल्या प्रोबायोटिक गोळ्यांना हा पुरावा लागू होत नाही.