पाच फायनल, पाच वेळा १-०

मी कोल्हापूरचा, तालमीच्या संघात गोलकीपर होतो. त्यामुळे फुटबॉलचा इतिहास मला गोलपोस्टखालूनच दिसतो. तिथून पाहिलं तर इंग्लिश क्लबांचा खरा सुवर्णकाळ १९७७ ते १९८२. युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, सलग सहा वर्षं इंग्लंडलाच गेला: लिव्हरपूल तीनदा, नॉटिंगहॅम फॉरेस्ट दोनदा, अ‍ॅस्टन व्हिला एकदा. यातली पहिली फायनल सोडली तर पाचही १-०. रटाळ म्हणणारे म्हणोत! तेव्हा आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता यायचा. ती मुभा १९९२ मध्ये गेली. तोवर एक गोल मारला की तो राखायचा, हाच खाक्या.

फॉरेस्टचं तर नवलच. १९७७ पर्यंत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असलेल्या या संघाला मॅनेजर ब्रायन क्लफनं वर आणलं, १९७८ मध्ये लीग जिंकून दिली आणि पुढची दोन वर्षं युरोपियन कप. लीग एकदा, युरोप दोनदा. असा उलटा हिशेब दुसऱ्या कुणाचा नाही. १९८० च्या माद्रिदच्या फायनलआधी गोलकीपर पीटर शिल्टनला सरावाला हिरवळ मिळेना. शेवटी रहदारीच्या चौकातल्या सर्कलवर त्यानं झेपा घेतल्या, असं तोच सांगतो. मग जॉन रॉबर्टसननं विसाव्या मिनिटाला गोल मारला आणि उरलेला वेळ शिल्टननं समोरच्या हॅम्बुर्गला दाद दिली नाही.

माझा लाडका गोलकीपर मात्र व्हिलाचा नायजेल स्पिंक. १९८२, रॉटरडॅम, समोर बायर्न म्युनिक. पहिल्या दहा मिनिटांतच व्हिलाचा गोलकीपर जिमी रिमर दुखापतीनं बाहेर गेला. आत आला स्पिंक, तोवर मुख्य संघातून एकच सामना खेळलेला. रुमेनिगेसारख्यांचे फटके त्यानं अडवले, पीटर विदनं ६७ व्या मिनिटाला गोल केला, कप बर्मिंगहॅमला.

पुढे १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर, लिव्हरपूल-युव्हेंटस फायनलआधीच्या हुल्लडीत ३९ जण गेले. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली. ती गरजेची होतीच, पण झळ भलत्यांनाही लागली. त्या वर्षी लीग जिंकलेला एव्हर्टन घरी बसला. त्यांचा गोलकीपर नेव्हिल साउथॉल त्याच वर्षी पत्रकारांच्या निवडीनं इंग्लंडचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला होता. १९८७ मध्ये एव्हर्टननं पुन्हा लीग जिंकली, तरी बंदी होतीच. साउथॉल युरोपियन कपचा एकही सामना खेळला नाही.